बाकारा (१९७७) : दोन आवाज, एक नाव

'बाकारा' हा माय्ते मातेओस आणि मारिया मेन्दिओला या दोन स्पॅनिश गायिकांच्या जोडीचा पहिला अल्बम. जोडीचे नावही बाकाराच. आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या जर्मन शाखेमार्फत तो १९७७ साली बाजारात आला. संगीत आणि निर्मिती रॉल्फ सोया यांची, गीतलेखन फ्रँक दोस्ताल यांचे. हे दोघेही जर्मन. अल्बममधील 'येस सर, आय कॅन बूगी' हे गाणे त्या वर्षी जवळजवळ सगळ्या युरोपात वाजले आणि डिस्को संगीताच्या इतिहासात या जोडीचे नाव कायमचे लागले.

आमच्या या पानावर वाचकांना बहुतेक वेळा नाट्यसंगीत, भावगीते आणि माळव्यातील संगीत परंपरा यांच्या नोंदी सापडतात. त्यांत ही नोंद काही जणांना परकी वाटेल. पण आम्ही ती मुद्दाम घेत आहोत, आणि त्याची कारणे दोन. एक म्हणजे, आज जी मंडळी साठी-सत्तरीत आहेत त्यांच्या तरुणपणी डिस्कोने इंदूरलाही सोडले नव्हते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. दोन बायकांनी मिळून एका नावाने गायचे ठरवले, भरघोस यश मिळवले आणि चार वर्षांत त्या वेगळ्या झाल्या. या सगळ्यात आवाज कोणाचा, नाव कोणाचे आणि हिशेब कोणाकडे, हे प्रश्न उभे राहिले. ते प्रश्न आपल्याकडच्या गायिकांनाही पडलेले आहेत आणि आजही पडतात.

डिस्को म्हणजे नेमके काय

डिस्को हा शब्द फ्रेंच 'डिस्कोथेक'वरून आला. जिथे वादकांऐवजी तबकड्या लावून लोक नाचतात ती जागा म्हणजे डिस्कोथेक. सत्तरच्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या नाचघरांत या नावाचे संगीत आकाराला आले. त्याची ओळख सोपी आहे. चार मात्रांचे आवर्तन असते आणि प्रत्येक मात्रेवर मोठ्या ड्रमचा सारखा ठोका पडतो. लय साधारणपणे मिनिटाला ११० ते १३० ठोके. केरव्याला सरावलेल्या आपल्या कानाला आधी यात वजन कुठे आहे ते कळत नाही, कारण सम-काल असा भेदच जाणवत नाही. सगळे ठोके एकाच वजनाचे. नाचणाऱ्याचे पाऊल चुकू नये, ही त्यामागची सोय. या पायावर बास गिटार, व्हायोलिनचे ताफे आणि वर आवाज अशी रचना असते.

युरोपात या संगीताचे मोठे केंद्र जर्मनी झाले. म्युनिकमध्ये जॉर्जो मोरोडर यांनी डोना समर या अमेरिकन गायिकेची गाणी केली. 'सिल्व्हर कन्व्हेन्शन' हा स्त्रियांचा गटही तिथलाच. फ्रँक फारियान यांनी 'बोनी एम' हा गट उभा केला. या पद्धतीत केंद्रस्थानी निर्माता असे. गाणे त्याचे, वादक त्याने बोलावलेले, ध्वनिमुद्रण त्याच्या देखरेखीखाली. गाणारे आणि नाचणारे चेहरे शेवटी येत. बोनी एममध्ये तर मंचावर नाचणाऱ्या पुरुषाचा तबकडीवरचा आवाज खुद्द फारियान यांचा होता. बाकाराची कथा समजून घेताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते.

दोघी कोण होत्या

माय्ते आणि मारिया या मुळात गायिका नव्हत, नर्तकी होत्या. दोघींनी नृत्याचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि दोघी स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या नृत्यपथकात होत्या. तिथेच त्यांची ओळख झाली. पुढे त्यांनी पथक सोडले आणि दोघींचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. त्या वेळी त्यांनी जोडीचे नाव 'व्हीनस' ठेवले होते. सुरुवातीला फारसे जमले नाही. मग त्या कॅनरी बेटांपैकी फुएर्तेव्हेन्तुरा या बेटावर एका हॉटेलात कार्यक्रम करू लागल्या. फ्लामेंको नृत्य, स्पेनची पारंपरिक गाणी आणि थोडी लोकप्रिय गाणी, असा त्यांचा मालमसाला होता. समोर बसणारे पर्यटक बहुतांशी जर्मन.

त्या काळचा स्पेनही ध्यानात घ्यावा. हुकूमशहा फ्रँको यांचा मृत्यू २० नोव्हेंबर १९७५ रोजी झाला आणि जून १९७७ मध्ये तिथे कित्येक दशकांनंतर मोकळ्या निवडणुका झाल्या. युरोपातील लोकांना स्पेन ठाऊक होता तो सुट्टीतला देश म्हणून. ऊन, समुद्र आणि फ्लामेंको. जर्मन कंपनीला या दोघींमध्ये जे दिसले त्यात या सुट्टीच्या आठवणीचाही वाटा होता.

आरसीएच्या जर्मन शाखेतील लिऑन डीन यांनी या दोघींना त्या हॉटेलात पाहिले आणि हॅम्बुर्गला बोलावून रॉल्फ सोया यांच्याशी गाठ घालून दिली. 'व्हीनस' हे नाव मागे पडले. गुलाबाच्या एका जातीवरून 'बाकारा' हे नवे नाव आले. पोशाख ठरला: माय्तेने पूर्ण काळा घालायचा, मारियाने पूर्ण पांढरा. दूरचित्रवाणीवर दोघींना ओळखायला ही युक्ती फार उपयोगी पडली. ज्यांना नावे पाठ होत नव्हती तेसुद्धा 'काळीवाली' आणि 'पांढरीवाली' म्हणून त्यांना ओळखत.

थोडा विचार केला तर एक गोष्ट दिसते. नाव, पोशाख आणि गाणी यांपैकी काहीही या दोघींकडे आधीपासून नव्हते. त्यांचे स्वतःचे असे जे होते ते म्हणजे दोन आवाज, दोन शरीरे आणि एकमेकींशी जुळलेली पावले.

अल्बममधील गाणी

अल्बमची ओळख 'येस सर, आय कॅन बूगी' या गाण्यानेच होते. सुरुवातीला लय येत नाही. आधी कुजबुज, उसासे आणि व्हायोलिनची संथ चाल येते, आणि मग अचानक ठोका सुरू होतो. नाचायला येतेस का असे विचारणाऱ्या पुरुषाला अट घालून उत्तर देणारी बाई, हा गाण्याचा विषय. ती नकार देत नाही, पण लगेच मागेही जात नाही. त्या काळच्या डिस्को गाण्यांत बायकांच्या तोंडी बहुतेक वेळा नुसती आर्जवे असत. त्या मानाने ही बाई आब राखून आहे.

दुसरे गाजलेले गाणे 'सॉरी, आय अ‍ॅम अ लेडी'. यात तोच स्वभाव आणखी पुढे गेला आहे. सभ्यपणे, पण ठामपणे समोरच्याला दूर ठेवणे. दोन्ही गाण्यांची शीर्षके शेजारी ठेवून वाचावीत. एकात 'हो साहेब', दुसऱ्यात 'माफ करा'. दोस्ताल यांनी या जोडीसाठी एक व्यक्तिरेखाच घडवली होती आणि अल्बमभर ती टिकवली.

यांशिवाय 'कारा मिया', 'लव्ह यू टिल आय डाय', 'कूची कू', 'डोन्ट प्ले मी अ सिंफनी' अशी गाणी अल्बममध्ये आहेत. 'ग्रनादा' हे गाणे मात्र वेगळे. ही मेक्सिकोचे संगीतकार आगुस्तिन लारा यांची जुनी आणि जगप्रसिद्ध रचना. तिला डिस्कोचा ठोका लावून या दोघींकडून गाऊन घेतले आहे. अल्बममध्ये ही रचना का घेतली असावी हे सहज कळते. गाणी जर्मनांनी केलेली, शब्द बहुतेक इंग्रजी, आणि गाणाऱ्या स्पेनच्या. त्या स्पेनच्या आहेत हे ठसवणारे काहीतरी हवेच होते.

ऐकताना कशाकडे लक्ष द्यावे

ज्यांना हा अल्बम पहिल्यांदा ऐकायचा आहे त्यांच्यासाठी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, उच्चार. दोघींचे इंग्रजी स्पॅनिश वळणाचे आहे आणि निर्मात्याने ते झाकलेले नाही. उलट तेच गाण्याचे लावण्य झाले आहे.

दुसरी, दोन आवाजांची जोडणी. ध्रुवपदात दोघी बरोबर गातात आणि तिथे एक आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढणे कठीण जाते. आपल्या कानाला सवय आहे ती वेगळी. 'उत्सव' (१९८४) चित्रपटात लताबाई आणि आशाबाई एकत्र गायल्या आहेत. त्या गाण्यात कोणती ओळ कोणाची हे आपण डोळे मिटून सांगतो आणि तोच त्या गाण्याचा आनंद आहे. बाकाराच्या गाण्यांचा आनंद याच्या उलट आहे. दोन गळे मिळून एकच तिसरा आवाज तयार होतो. या जोडीच्या यशाचे मर्म त्यात होते आणि पुढे भांडणही त्यावरूनच झाले.

तिसरी गोष्ट, व्हायोलिन. सोया यांनी तंतुवाद्यांचा वापर सढळ हाताने केला आहे. ठोका यंत्रासारखा एकसुरी असला तरी वरचे व्हायोलिन चालीला माधुर्य देतात. सत्तरच्या दशकातील हिंदी चित्रपटगीतांवर वाढलेल्या श्रोत्याला ही बाजू लगेच आपली वाटेल.

यश

२९ ऑक्टोबर १९७७ च्या आठवड्यात 'येस सर, आय कॅन बूगी' ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. स्पॅनिश कलाकारांना तिथे हा मान पहिल्यांदाच मिळाला, आणि स्त्रियांच्या जोडीलाही. पुढच्याच आठवड्यात 'आब्बा' या स्वीडिश गटाच्या गाण्याने ती जागा घेतली. म्हणजे पहिला क्रमांक एकच आठवडा टिकला. पण जर्मनी, स्वित्झर्लंड, स्वीडन अशा अनेक देशांत गाणे अग्रस्थानी होते आणि जगभर त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या असे सर्वत्र सांगितले जाते. 'सॉरी, आय अ‍ॅम अ लेडी' हे गाणेही जर्मनीत पहिले आले आणि ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

२२ एप्रिल १९७८ रोजी पॅरिसला झालेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत बाकाराने भाग घेतला. गंमत अशी की स्पॅनिश गायिका, जर्मन निर्माता, फ्रेंच भाषेतील गाणे आणि प्रतिनिधित्व लक्झेंबर्ग या छोट्याशा देशाचे! 'पार्ले-व्हू फ्राँसे?' या त्यांच्या गाण्याला सातवा क्रमांक मिळाला. त्या वर्षी इस्रायल जिंकला. त्याच वर्षी 'लाइट माय फायर' हा दुसरा अल्बम आला आणि १९७९ मध्ये 'कलर्स' हा तिसरा.

तोवर वारे फिरू लागले होते. अमेरिकेत डिस्कोचा अतिरेक होऊन लोक उबगले होते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या एका बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला आणि जमाव मैदानात घुसला. युरोपात डिस्को इतक्या झटकन संपला नाही, पण बाजार आटू लागला होता.

वाद कशावरून झाला

१९८० मध्ये 'स्लीपी टाइम टॉय' हे गाणे आले. तबकडी ऐकल्यावर मारियाचे म्हणणे पडले की तिचा आवाज मागे ढकलला आहे आणि माय्तेचा पुढे आणला आहे. प्रकरण कायदेशीर कारवाईपर्यंत गेले. तबकडी मागे घ्यावी लागली आणि आवाजांचे मिश्रण नव्याने करून ती पुन्हा काढण्यात आली. या सगळ्यात सोया यांच्याशी संबंध तुटले. १९८१ चा 'बॅड बॉईज' हा चौथा अल्बम सोया आणि दोस्ताल यांच्याशिवाय झाला. तो चालला नाही. त्याच वर्षी जोडी फुटली.

संगीताच्या बाहेरच्या माणसाला हे भांडण क्षुल्लक वाटेल. एक आवाज थोडा मोठा, एक थोडा लहान, एवढ्यावरून कोर्टकचेरी? आम्हांला तसे वाटत नाही. ध्वनिमुद्रण करताना प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीवर घेतात आणि नंतर यंत्रावर त्यांचे प्रमाण ठरवतात. एक खटका थोडा खाली ओढला की माणूस गाण्यातून जवळजवळ नाहीसा होतो. गाणारीला ते तबकडी बाहेर आल्यावर कळते. ज्या जोडीचे सगळे भांडवल दोन आवाजांचा समतोल हेच आहे, तिथे तो समतोल कोणी ठरवायचा हा प्रश्न क्षुल्लक नाही. पहिल्या अल्बमच्या वेळी तो प्रश्न आला नाही, कारण समतोल नीट होता आणि यशही होते. यश असते तेव्हा अटी कोणी विचारत नाही.

आम्ही आयुष्य बँकेत काढले, म्हणून हा प्रकार आम्हांला संयुक्त खात्यासारखा दिसतो. नवरा-बायको, भाऊ-भाऊ किंवा दोन मैत्रिणी येतात आणि 'दोघांपैकी कोणीही' या सूचनेवर हसत हसत सह्या करतात. वर्षानुवर्षे खाते सुरळीत चालते. मग एके दिवशी एकाचे पत्र येते की माझ्या सहीशिवाय पैसे देऊ नका. त्या दिवसापासून बँक दोघांच्या सह्या मागते आणि सह्या काही एकत्र होत नाहीत. पैसे खात्यात असतात, पण कोणाच्याच कामाचे राहत नाहीत. बाकाराचे नाव हे असेच संयुक्त खाते होते. फरक एवढाच की पैसे गोठवता येतात, नाव गोठवता येत नाही.

दोन बाकारा

फुटीनंतर दोघींनीही ते नाव सोडले नाही. मारियाने मारिसा पेरेझ हिला जोडीला घेऊन 'न्यू बाकारा' सुरू केली आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिची काही गाणी नाचघरांत चांगली चालली. माय्तेने काही काळ एकटीने गाऊन पाहिले, मग वेगवेगळ्या जोडीदारणी घेऊन बाकारा या नावानेच कार्यक्रम केले. पुढे अनेक वर्षे युरोपात जुन्या गाण्यांच्या मैफलींत दोन वेगवेगळ्या जोड्या हीच गाणी गात होत्या. एकीत मूळची माय्ते, दुसरीत मूळची मारिया. तिकीट काढणाऱ्याला अर्धी बाकारा मिळत होती.

११ सप्टेंबर २०२१ रोजी माद्रिदमध्ये मारिया मेन्दिओला यांचे निधन झाले. त्याआधी वर्षभरापूर्वीच एक विलक्षण गोष्ट घडली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्बियाला हरवून स्कॉटलंडचा फुटबॉल संघ युरो स्पर्धेसाठी पात्र ठरला. त्या आनंदात खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत 'येस सर, आय कॅन बूगी'वर नाचले आणि ते चित्रण जगभर पसरले. ४३ वर्षांपूर्वीचे गाणे ब्रिटनच्या यादीत परत आले. ज्या मुलांनी बाकाराचे नाव ऐकले नव्हते ती मुले ते गाणे गाऊ लागली. गाणे असे जगते. गाणाऱ्यांचे आपसांत काय झाले, हे त्याला ठाऊक नसते.

आपल्याकडचा डिस्को

आपल्याकडे डिस्को रुजला तो चित्रपटांतून. बंगळूरहून इंग्लंडला गेलेले बिद्दू हे त्यातले महत्त्वाचे नाव. लंडनमध्ये त्यांनी कार्ल डग्लस आणि टिना चार्ल्स यांची गाणी करून नाव कमावले होते. १९८० च्या 'कुर्बानी'साठी त्यांनी कराचीत जन्मलेल्या आणि अवघ्या १५ वर्षांच्या नाझिया हसनकडून एक गाणे गाऊन घेतले. ते देशभर गाजले आणि तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांचा 'डिस्को दीवाने' हा अल्बम आला. चित्रपटाचा आधार नसतानाही तो आपल्याकडे प्रचंड खपला. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'ने तर गल्लीबोळांत मिथुन चक्रवर्ती तयार केले. उषा उथुप आणि आशा भोसले यांनी या काळात डिस्कोची कितीतरी गाणी गायली. आशाबाईंचे विशेष वाटते. वयाच्या पन्नाशीला टेकलेली, नाट्यसंगीताच्या घरातली ही गायिका नव्या ठोक्यावर सहज उभी राहिली.

स्त्रियांच्या जोडीचा डिस्को अल्बम असे म्हटले तर सलमा आगा आणि तिची बहीण सबीना यांचे नाव घ्यावे लागते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आब्बाची गाणी हिंदीत गाऊन अल्बम काढला होता. 'निकाह' (१९८२) मुळे सलमा पुढे चित्रपटांत स्थिरावली आणि जोडी मागे राहिली. मराठीत मात्र दोन मुलींच्या डिस्को जोडीची प्रथा रुजली नाही.

नाव आणि आवाज : इंदूरची आठवण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आवाज कोणाचा आणि नाव कोणाचे, हा प्रश्न आपल्याकडे ज्या गायिकेने सर्वांत आधी ठामपणे मांडला तिचा जन्म आपल्याच इंदूरच्या सिख मोहल्ल्यातला. २८ सप्टेंबर १९२९ ही लताबाईंची जन्मतारीख इथे कोणाला सांगायला नको. 'महल' (१९४९) मधील त्यांचे गाजलेले गाणे तबकडीवर आले तेव्हा गायिका म्हणून 'कामिनी' असे छापले होते, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे नाव! गाणाऱ्या बाईचे नाव श्रोत्यांना तबकडीवरून कळतच नव्हते. पुढे फिल्मफेअर पुरस्कारांत गायकांसाठी वेगळा विभाग नाही म्हणून लताबाईंनी त्या समारंभात गायला नकार दिला. १९५९ पासून तो विभाग सुरू झाला आणि पहिला पुरस्कार 'मधुमती'मधील गाण्यासाठी त्यांनाच मिळाला. साठच्या दशकात त्यांनी गायकांना गाण्याच्या उत्पन्नाचा वाटा मिळावा अशी मागणी केली आणि त्यावरून मोहम्मद रफी यांच्याशी काही वर्षे अबोला धरला. मध्यप्रदेश शासन १९८४ पासून त्यांच्या नावाने सन्मान देते. तो गायन आणि संगीत दिग्दर्शन यांसाठी दिला जातो हे योग्यच, पण हिशेब मागण्याचे धैर्य हीसुद्धा त्यांची देणगी आहे.

कायदा त्यांच्या मागणीपर्यंत पोहोचायला फार वेळ लागला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांच्या हक्कांना खरे स्थान मिळाले ते १९९४ च्या दुरुस्तीने. २०१२ च्या दुरुस्तीने दोन मोठ्या गोष्टी दिल्या. ध्वनिमुद्रणाचा व्यापारी वापर झाला तर गायकाला रॉयल्टीचा हक्क आहे. आणि गायक म्हणून आपले नाव दिले जावे, आपल्या सादरीकरणाची मोडतोड करून प्रतिष्ठेला धक्का लावू नये, असे म्हणण्याचाही हक्क आहे. हे हक्क साधारण ५० वर्षे टिकतात.

दोघी मिळून गाणाऱ्यांसाठी

आमच्या गणेशोत्सवात आणि दिवाळी पहाटेला बहिणी-बहिणी, मैत्रिणी-मैत्रिणी गातात. पूर्वी गाणे मांडवातच संपत असे. आता ते फोनवर ध्वनिमुद्रित होते, जगभर ऐकले जाते आणि क्वचित त्याचे पैसेही येतात. म्हणून बाकाराच्या कथेतून निघणाऱ्या चार गोष्टी इथे नोंदवून ठेवतो. त्या आधी, सगळे गोड असतानाच लिहून घ्याव्यात.

१. जोडीचे नाव कोणाच्या मालकीचे आहे आणि एक जण बाहेर पडली तर ते कोण वापरणार. नाव मोठे झाले असेल तर ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येते. करमणुकीच्या सेवा त्याच्या ४१ व्या वर्गात येतात.

२. उत्पन्नाची वाटणी कशी. व्यवसाय म्हणून गात असाल तर भागीदारीपत्र करावे. १९३२ च्या भागीदारी कायद्यात नावलौकिक, ज्याला आपण गुडविल म्हणतो, तोही संस्थेची मालमत्ता मानला आहे.

३. ध्वनिमुद्रणाचे अंतिम मिश्रण प्रकाशित होण्याआधी दोघींनी ऐकून होकार द्यायचा. हे एक वाक्य १९८० मध्ये कागदावर असते तर कदाचित कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

४. गीतकार, संगीतकार आणि निर्माते यांचे हक्क वेगळे आहेत हे समजून घ्यावे. गाणे आपण गायलो म्हणून ते आपले होत नाही. बाकाराच्या गाण्यांचे कर्ते सोया आणि दोस्ताल होते आणि ते निघून गेल्यावर त्या ताकदीचे गाणे दोघींपैकी एकीलाही पुन्हा मिळाले नाही.

काही जण म्हणतील, घरच्या माणसांत कागद कशाला, त्याने मन दुखावते. आमचा अनुभव उलटा आहे. मने दुखावतात ती कागद नसल्यामुळे. ज्यांचे स्पष्ट लिहिलेले असते ते एकमेकांकडे जेवायला जातात.

बाकाराचा पहिला अल्बम आज सहज ऐकायला मिळतो. निदान पहिले गाणे तरी वाचकांनी ऐकावे, शक्य असेल तर दोन्ही कानांना यंत्र लावून. काळीवाली कोण आणि पांढरीवाली कोण हे ओळखायचा प्रयत्न करावा. ध्रुवपदात ते जमत नाही. १९७७ मध्ये ते कोणाला जमू नये, यासाठीच सगळी मेहनत घेतली होती, आणि तोवर दोघींचेही काही बिनसले नव्हते.